मूठभर जुनं घरटं

"पुरे गं बाई, पुरे आता. झिजून जाईल तोंड."

पिंजरेकाका डब्यावर वाकून म्हणाले. डब्यातल्या म्हातारीनं ऐकलं नाही. ती मागच्या पायांवर बसून पुढच्या इवल्याशा पंजांनी तोंड धूत होती. आधी नाक, मग मिशा, मग डोळ्यांवरून कानामागं, आणि पुन्हा नाक. डाव्या डोळ्याखालचे केस केव्हाच गेले होते. तिथली कातडी लाल, ओली दिसत होती, नुसती फुंकर घातली तरी चुरचुरेल अशी. पंजा मात्र नेमका तिथूनच फिरत होता.

"तुमचं काय ऐकणार ती?" शेजारच्या फळीवरचे डबे पुसता पुसता पहिलवान म्हणाला. "घरची बायको ऐकत नाही कुणाची, तिथं ही उंदरीण ऐकेल होय?"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. पहिलवान म्हणजे अंगानं नुसती काडी, दोन नातवंडांचा आजोबा. मनानं सरळ, पण तोंडाला झाकण नाही.

"चुकलो काका. ध्यानातच राहिलं नाही."

"असू दे रे. खोटं कुठं बोललास? नव्हतीच ऐकत."

काकांची बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते. डबे मात्र कुणासाठी थांबत नाहीत. उंदरांना रोज पाणी लागतं, रोज दाणे लागतात, म्हणून काकाही रोज येत होते. खरं सांगायचं तर, आले नसते तर गेले असते कुठं?

संशोधन संस्थेच्या तळघरात हा प्राण्यांचा विभाग होता. खिडकी नाही, ऊन नाही. दिवा लागला की दिवस उगवायचा आणि विझला की मावळायचा. फळ्यांवर ओळीनं पारदर्शक डबे, प्रत्येक डब्यात लाकडाचा भुसा, कागदाच्या कातरणांचं घरटं आणि घरट्यात उंदीर. काकांची सगळी नोकरी इथंच गेली. डबे बदलायचे, भुसा घालायचा, बाटल्या भरायच्या. काम करताना ते देवाचं काहीबाही गुणगुणत, अगदी हलक्या आवाजात. सूर यथातथाच. पहिलवान म्हणायचा, उंदीर पळून जात नाहीत ते केवळ झाकणं घट्ट आहेत म्हणून.

इथल्या संशोधक मॅडम नव्या आल्या तेव्हा त्यांनी काकांना एक गोष्ट शिकवली होती. डबा बदलताना घरटं सगळं टाकून द्यायचं नाही. त्यातलं मूठभर नव्या डब्यात घालायचं. "त्यांना आपला वास लागतो, काका," मॅडम म्हणाल्या होत्या. "सगळंच धुऊन टाकलं की ती घाबरतात. आपलं घर कुठं गेलं, कळत नाही त्यांना."

गुरूनं कानात मंत्र सांगावा तसं ते काकांच्या मनात बसलं. तेव्हापासून त्यांनी एकही डबा मूठभर जुन्या घरट्यावाचून भरला नाही.

घरी मात्र सगळा उलटा कारभार. घरी जुनं काही उरतच नसे. बायको धूत असे. उठली की नळ, निजेपर्यंत नळ. आधी हात धुवायचे, मग त्या हातांनी सोडलेला नळ धुवायचा, मग नळ धुतला म्हणून पुन्हा हात. चादरी विटल्या, भांड्यांच्या कडा झिजल्या, दाराची कडी पांढरी पडली. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडत आणि थंडीत त्यांतून रक्त येई. काका ओरडत, "पुरे! अगं, पुरे झालं!" ती दचकून बघे, "हो हो, झालंच," म्हणे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

असं का, हे काकांनी फार वर्षांपूर्वी स्वतःशीच ठरवून टाकलं होतं. आपण उंदरांच्या घाणीत राबतो. हिला आपली किळस येते.

तसं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. पण ते दारातून आत आले की ती दोन पावलं मागं सरे आणि हात पाठीमागं नेई. मुलगी झाली, त्यानंतर त्यांनी एकदा तिचा हात धरला, तर तिचा चेहरा असा पांढरा पडला की त्यांनी चटका बसावा तसा हात सोडला. आणखी काय सांगावं लागतं माणसाला? मग काका कामावरच अंघोळ करून येऊ लागले. कपडे बदलून येऊ लागले. एक दिवस त्यांनी आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. तिला त्रास नको, एवढंच त्यांच्या मनात. ती दारात उभी राहून बघत होती. काही बोलली नाही. यांनीही काही विचारलं नाही. आणि असा सगळा संसार झाला. मुलगी वाढली, लग्न होऊन गेली. पण नवराबायकोंमध्ये जे अंतर पडलं ते पडलं. जीव जडला होता, म्हणून तर गाठ बसली होती आत. आपल्याच माणसाला आपली किळस यावी, हे दुःख कुणाला दाखवायचं?

शेवटी रुग्णालयातही तेच. ताप डोक्यात गेला होता. काका पलंगाच्या पायथ्याशी उभे असत, जवळ जात नसत. त्या दुपारी तिनं डोळे उघडले, चादरीतून एक हात बाहेर काढला आणि त्यांच्याकडं केला. आता एवढ्या वर्षांची सवय. काकांना लगेच कळलं. हात धुवायचे असणार. ते धावले. परिचारिकेकडून वाटी घेतली, साबण घेतला, कोमट पाणी मिळावं म्हणून खालच्या मजल्यावर गेले. परत आले तेव्हा ती गेलेली होती. हात तसाच पलंगाबाहेर होता.

निदान शेवटची इच्छा ओळखली, पुरी करायला धावलो तरी, असं काका स्वतःला समजावत. त्यावरच त्यांचे दिवस निघत होते.

*

त्या दिवशी संस्थेत पाहुणे यायचे होते. पुन्हा पुन्हा धूत राहण्याचा आजार ज्यांच्या घरात आहे अशा कुटुंबांना मॅडमनी बोलावलं होतं. संशोधन म्हणजे काय चालतं ते बघावं, मनातलं विचारावं. काचेच्या अलीकडं पाहुणे बसले, पलीकडं काका म्हातारीचा डबा हातात घेऊन उभे राहिले. बोलणं पलीकडं ऐकू यावं म्हणून भिंतीत एक छोटा कर्णा होता.

म्हातारीनं लोकांची अजिबात भीड ठेवली नाही. ती आपलं तोंड धूत बसली.

"मॅडम, हा स्वच्छ उंदीर म्हणायचा की वेडा उंदीर?" एका आजोबांनी विचारलं. लोक हसले.

"दोन्ही नाही, आजोबा," मॅडम म्हणाल्या. "दमलेला उंदीर. सगळेच उंदीर तोंड धुतात, आणि झालं की थांबतात. हिला थांबता येत नाही. जन्मतःच हिच्या मेंदूत एक गोष्ट कमी आहे. आपण दाराला कडी घालतो, तेव्हा आत कुणीतरी म्हणतं ना, 'झालं, पुरे'? तो आवाज हिच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून ती पुन्हा धुते. पुन्हा धुते. दुखतं तरी धुते."

पुढच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. भरल्या अंगाच्या, ठसक्याच्या. "माझी सून असंच करते. दोन दोन तास न्हाणीघरात. आम्ही म्हणायचो, माज आहे. आम्हाला हलकं समजते, आमची घाण वाटते तिला."

"सगळेच असं समजतात," मॅडम म्हणाल्या. "घरच्यांना वाटतं हट्ट आहे, नाटक आहे, आपली किळस येते. पण तो आजार असतो, मावशी. त्यावर औषध आहे, बोलून करायचे उपचार आहेत. हेच औषध या उंदरांना दिलं तर त्यांचंही धुणं कमी होतं."

काचेपलीकडं डबा हलला. पहिलवान पुढं झाला आणि त्यानं खालून हात लावला. "काय झालं काका? चक्कर येतेय का?"

"नाही. धरलाय मी."

"पण ही घाबरते तरी कशाला?" त्या बाईंनी विचारलं. त्यांचा ठसका आता कुठल्या कुठं गेला होता. "म्हणजे, काय होईल असं वाटतं हिला?"

मॅडमनी डब्याकडं बघितलं. "ते आम्हाला कधीच कळणार नाही. ती धुते एवढं बाहेरून दिसतं. आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि उंदराला काही विचारता येत नाही. तेवढं माणसाचं बरं. माणसाला विचारता येतं."

बाई खाली बसल्या. काका मात्र उभेच होते, आणि त्यांच्या कानांत ते एकच वाक्य घुमत होतं. माणसाला विचारता येतं.

पाहुणे गेल्यावर मॅडम आत आल्या. म्हातारीचा गाल त्यांनी दिव्याखाली धरून बघितला. "जखम खोल गेलीय काका. हिच्यावरचं काम संपलं, आता उगाच हाल नकोत. उद्या सकाळी हिला झोपवू."

झोपवणं म्हणजे कायमचं झोपवणं, हे काकांना ठाऊक होतं. त्यांनी मान हलवली.

"मॅडम, ते औषध... ते माणसांना मिळतं?"

"मिळतं की. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना गुण येतो. का हो, कुणासाठी हवंय?"

"छे छे. सहज विचारलं."

*

घरी मुलगी आली होती. आईचं कपाट आवरायला रजा काढून आली होती, दुसऱ्या दिवशी परत जायची होती. काका पोचले तेव्हा ती खोलीत जमिनीवर बसली होती आणि भोवती घड्यांचा ढीग होता. एकेक कपडा उचलून ती नाकाशी नेत होती आणि बाजूला ठेवत होती.

"एकाला आईचा वास नाही हो बाबा," ती न बघताच म्हणाली. "एकालाही नाही. नुसता साबण. आई गेली आणि साबण मागं ठेवून गेली."

काका दाराच्या चौकटीला टेकले. मग, ज्या खोलीत वर्षानुवर्षं ते पाहुण्यासारखे उंबऱ्यापर्यंतच येत, तिथं आत आले आणि पलंगाच्या कडेवर बसले. मुलीनं मान वर केली.

"तुला एक विचारू?"

"विचारा की."

"तुझ्या आईला कसली भीती वाटायची, तुला माहीत आहे?"

मुलीच्या हातातला कपडा तिथंच राहिला. "भीती? हे आज कुठून काढलंत?"

"तू सांग."

ती घडीवरून बोट फिरवत राहिली. "तिनं शपथ घातली होती. पण आता कुणाची शपथ आणि काय. बाबा, माझी चिमी झाली तेव्हा आई बघायला आली होती, आठवतं? दारातच उभी राहिली. हात टॉवेलात गुंडाळलेले. मी म्हटलं, घे ना. तर मागं मागं सरायला लागली. मला इतका राग आला! मी वाटेल ते बोलले. म्हटलं, मला तर कधी जवळ घेतलं नाहीस, आता माझ्या बाळाचीही घाण वाटते का तुला?"

"मग?"

"मग ती रडायला लागली. म्हणाली, घाण तुमची नाही गं, माझी आहे. माझ्या हातांत काहीतरी आहे. कितीही धुतलं तरी जात नाही. मी ज्याला शिवेन तो मरेल." मुलीनं हातातला कपडा मांडीवर ठेवला. "म्हणाली, तुझ्या बाबांना मी शिवत नाही, म्हणून ते धडधाकट आहेत. तू वाढलीस ती मी लांब राहिले म्हणून."

काकांनी पलंगाची कड धरली. 

"मी म्हटलं, आई, हे बाबांना सांग. तर म्हणाली, त्यांना केव्हाच कळलंय. कळल्याशिवाय का त्यांनी बाहेर अंथरूण नेलं? शहाणे आहेत, सांभाळून राहतात, बोलून दाखवत नाहीत. उगाच त्यांना लाजवू नकोस." मुलीनं डोळे पुसले. "तुम्हाला माहीत होतं ना बाबा?"

बाहेर कुणाची तरी सायकल घंटा वाजवत गेली. काकांनी मान हलवली. नाही.

"मला वाटायचं, तिला माझी किळस येते."

"बाबा!"

"उंदरांची. म्हणून माझी."

मुलीनं घड्या बाजूला सारल्या. मग सरकत पलंगापाशी आली आणि लहानपणी बसायची तशी त्यांच्या पायाशी बसली. तिला वाटलं, काहीतरी चांगलं विचारावं. बाबांना धरायला काहीतरी द्यावं.

"शेवटी आई काही म्हणाली का हो? शेवटच्या दिवशी?"

"म्हणाली नाही." काका आपल्या हाताकडं बघत होते. "हात पुढं केला होता. माझ्याकडं."

"मग?"

"मग मी पाणी आणायला गेलो."

देवा, काही वाक्यं अशी असतात की ती बोलणाऱ्यालाच आधी ऐकू येतात. काकांनी ते वाक्य ऐकलं. त्यांचा हात मांडीवर उताणा पडला होता, आणि त्यात काही नव्हतं. मुलीनं त्यात आपला चेहरा टेकवला. मग कोण कुणाला सांभाळत होतं, ते त्या खोलीलाच ठाऊक.

बऱ्याच वेळानं मुलगी उठली. आपल्या पिशवीतून तिनं एक जुना, पिवळट पडलेला उशीचा अभ्रा काढला.

"हा ओळखता? लग्नाच्या वेळी माझ्या बॅगेत कुणी कोंबला होता?"

काका कसंनुसं हसले. "मीच. नव्या घरी परकं वाटू नये म्हणून. मॅडमनी शिकवलं होतं, उंदरांसाठी. तुझ्याच उशीचा, न धुतलेला होता. तुझ्या आईची नजर चुकवून ठेवला होता."

"चुकली नव्हती नजर. मी बघत होते. तिनं बॅग उघडली, हा काढला, नळापाशी नेला. नळ सोडला." मुलीनं अभ्र्याची कड सरळ केली. "आणि बंद केला, बाबा. तशीच उभी राहिली, अंग नुसतं थरथरत होतं. मग दोन बोटांच्या चिमटीत धरून आणला आणि जसा होता तसा परत ठेवला. मीही तो कधी धुतला नाही. आता वास कसला राहतोय इतक्या वर्षांत. पण या घरातलं न धुतलेलं एवढंच आहे. तुमच्यापाशी असू दे."

काकांनी अभ्रा घेतला. नाकाशी नेला. जुन्या कापडाचा वास होता, बाकी काही नव्हतं. तरी त्यांनी तो खाली ठेवला नाही.

*

सकाळी दिवा लागला, म्हणजे तळघरात दिवस उगवला. पहिलवान आधीच येऊन डबे पुसत होता. काकांचा चेहरा बघून तो आज काही बोलला नाही, हे विशेषच.

मॅडम म्हातारीला न्यायची पेटी घेऊन आल्या. लहानशी, नवी, धुऊन लख्ख केलेली. आतमध्ये काही नाही. काकांनी पेटी हातात घेतली, म्हातारीच्या डब्याचं झाकण काढलं आणि कोपऱ्यातल्या घरट्यातून एक मूठ कातरणं उचलून पेटीत नीट पसरली.

"काका," मॅडम हळूच म्हणाल्या, "थोड्या वेळापुरतीच आहे ती पेटी."

"हो, मॅडम."

मग त्यांनी हातमोजा घातलेला हात डब्यात खाली ठेवला. उताणा, बोटं सैल. म्हातारी तोंड धुवायची थांबली नव्हती. धुता धुता तिनं एकदा हुंगलं, मग एक पंजा बोटावर ठेवला, मग दुसरा, आणि तळहाताच्या मध्यावर येऊन बसली. इतकी हलकी, की आहे की नाही असं वाटावं. बसली आणि पुन्हा सुरू झाली. नाक, मिशा, डोळा, कान.

काकांनी पुरे म्हटलं नाही. हात तसाच ठेवला.

मॅडम बघत होत्या. काल पाहुण्यांसमोर डबा का हलला होता, ते त्यांना थोडंफार उमगलं असावं. "काका, तुम्ही बाहेर बसता का जरा?" त्या म्हणाल्या. "पाणी प्या. मी पहिलवानांना बोलावते."

"नको मॅडम," काका म्हणाले. "पाणी राहू दे. मी इथंच आहे."

म्हातारीचे पंजे थोडे मंदावल्यासारखे झाले, पुन्हा चालू लागले. काकांनी दुसरा हात आणला आणि तिच्यावर न टेकता, नुसता आडोशासारखा धरला. मग अगदी हलक्या आवाजात, नेहमीसारखं यथातथा, ते गुणगुणू लागले.